एक जिना खाली

पत्रकार मोजून चार आले होते.
लोवेल टॉर्गर्सन उभ्यानेच म्हणाला,
"मी पायउतार होतोय,"
आणि दुपारी खरोखरच
खोकं छातीशी धरून जिना उतरला.
सतरा पायऱ्या,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
तरुणपणी कॅचर होता, गुडघे तेव्हाच गेले.

खाली मी असते.
मी म्हणजे इर्या, तीन वॉशिंग मशीन
आणि डुलुथ स्टर्जन्सच्या बत्तीस पाटलोणी,
ज्यांच्या गुडघ्यांवरच्या मातीवरून मी सांगू शकते
काल कोण घसरलं, कोण आपटलं,
आणि कोण नुसतंच बाकावर बसून राहिलं.

माझ्या शेजारची खोली त्याला मिळाली.
परवापर्यंत तिथे चेंडू ठेवत.
चामड्याचा वास अजून आहे, खिडकी नाही.
दारावर नवी पाटी: विशेष सल्लागार.
शिळ्या पावाला लोणी फासतात
तसा तो 'विशेष'.

वर त्याच्या खुर्चीत आता प्रिसिला ओयेन बसते.
एकतीस वर्षांची. आकडे तिचं ऐकतात.
तिने खुर्ची बदलली नाही,
फक्त जराशी खाली केली, पाय टेकावेत म्हणून.
हे मला आवडलं. का, ते विचारू नका.

पहिले पंधरा दिवस फोन त्यालाच येत:
एजंट, खेळाडूंचे बाप,
रेलिंगजवळचीच जागा हवी असणारी एक म्हातारी.
"ते वर," तो म्हणे, "ते आता वर."
माझं मशीन पिळायला लागलं की त्याची भिंत थरथरे.
एकदा त्याने दारातून विचारलं,
"हे कधी थांबतं?"
"सीझन संपला की."
तो हसला.
बावीस वर्षांत त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मे महिना. तलावात अजून बर्फाचे तुकडे,
मैदानावर तिकडून सुरीसारखा वारा.
यादी निघाली. सहा पोरं.
याला इथे 'मोकळं करणं' म्हणतात,
जणू त्यांना कोणी बांधून ठेवलं होतं.

बावीस वर्षं ही यादी लोवेलनेच केली
आणि सांगायला दरवेळी दुसऱ्याला पाठवलं.
मला ठाऊक आहे,
त्या पोरांच्या पिशव्या मीच भरत होते,
आणि वरच्या काचेला पडदा असायचा.

या वेळी तो सतरा पायऱ्या चढला.
प्रिसिलाला म्हणाला म्हणे,
"नावं तू ठरव. सांगायचं माझ्याकडे दे."

मी मशीन बंद केलं.
ऐकायला नव्हे.
बरं, ऐकायलाच.
"बस. नाही, तूच बस, खुर्ची एकच आहे."
पाच वेळा हेच वाक्य,
पाच वेळा दार, पाच वेळा जिना.
एकाने भिंतीवर मूठ मारली, माझ्या बाजूची साबणपूड सांडली.
एकाने आभार मानले. ते जास्त वाईट होतं.

सहावा ओसिएल. एकोणीस वर्षांचा, डावखुरा,
मोज्यांत नेहमी भुईमुगाची टरफलं.
त्याने विचारलं,
"आईला काय सांगू?"

लोवेलला उत्तर सुचलं नाही.
फोन टेबलावरून सरकल्याचा आवाज आला,
मग भिंतीपलीकडे स्पॅनिश सुरू झालं,
आधी भरभर, मग तुटक तुटक.
आणि लोवेल स्वतःच्या खोलीबाहेर येऊन
माझ्या दारात उभा राहिला,
हातांचं काय करायचं ते न कळून.

मी त्याला एक टॉवेल दिला.
त्याने घडी घातली. चुकीची.
मी दुसरा दिला.