बारा आठवड्यांचा कागद

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पहाटे दोनला,
हल शहरातली सगळी घड्याळं तासभर मागे आली
आणि मी रात्रपाळीवर होते.
एकदा वाजून गेलेला एक पुन्हा वाजला.
म्हाताऱ्या माणसांच्या त्या घरात कुणाला पत्ता नाही,
फक्त नऊ नंबरच्या डोरीनबाई म्हणाल्या,
अजून उजाडत कसं नाही?
मी इचलकरंजीला ब्लाउज शिवायचे. बाईंना म्हटलं,
रात्रीच्या शिवणीत माया सोडलेली असते,
आज ती उसवलीय.

त्या उसवलेल्या तासात मी कागद घेतला,
गेल्या आठवड्याच्या जेवणाचा तक्ता, मागून कोरा.

मोठी ध्येयं माझ्याकडे आहेत की.
स्वतःचं घर, समीहनचं इंजिनिअरिंग, म्हातारपण.
येताना आणली ती डांबरगोळ्या घालून,
अजून पिशवीतच आहेत.

डोरीनबाईंच्या भिंतीवर पांढरा फळा आहे.
फिजिओची पोरगी दर सोमवारी निळ्या पेननं लिहिते:
खुर्ची ते खिडकी. सहा पावलं.
'चालायला लागणे' असं तिनं आजवर लिहिलेलं नाही.
मी तिची रीत उचलली.

जिन्सीचे एकशे ऐंशी पौंड, नाताळच्या आत.
ती मागत नाही, तेच जड जातं.
बूट, पाणी आत न घेणारे, पंचवीसपर्यंत.
गाडीच्या लेखी परीक्षेची फी;
'लवकरच' लिहायचं नाही, तारीख लिहायची.
विजेच्या मीटरवर गुरुवारी दहा शिल्लक,
म्हणजे शुक्रवारी गार पाण्याची अंघोळ नको.
आणि रविवारी समीहनला फोन, मार्क न विचारता.
हे पैशाचं नाही,
पण सगळ्यात महाग तेच पडतं.

दादा विचारतो, पाच वर्षांनी कुठं असशील?
दादा, गुरुवारचं विचार.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण इथं अंथरूणही घरमालकाचं
आणि पायांकडून गारठा शिरतो.

तिसऱ्या आठवड्यात घसरले.
बेव्हर्ली रोडच्या दुकानात आमरसाचा डबा दिसला.
आठ पौंड. खोडलं नाही,
लिहिलं: आमरस, आठ.
जिन्सीनं अर्धा चाटूनपुसून संपवला.
तुझ्या एकशे ऐंशीतून चार वजा करू का, म्हटलं,
तर तिनं चमचा उगारला.

त्याच आठवड्यात डोरीनबाई पाचव्या पावलावर थांबल्या.
पोरगी फळा पुसायला उठली, तसं त्यांनी हात वर केला.
चाळीस वर्षं गोदीवर माशांच्या पेट्या मोजलेली बाई.
म्हणाल्या, पाच जमा, एक बाकी. तसंच लिही.

पगाराची चिठ्ठी आली, त्यात तो तास नव्हता.
बारा तासांचीच पाळी दाखवली होती,
तेरावा कुठं गेला ते घड्याळालाच माहीत.
मी ऑफिसच्या दारात उभी राहिले,
घसा खाकरला, परत फिरले,
जिन्यापर्यंत गेले, पुन्हा आले.
मोजली असती तर बहुधा सहाच पावलं भरली असती.
मॅनेजरबाई म्हणाल्या, अगं, सांगायचं ना आधी.
बारा पौंड साठ पेन्स.

'मागणे' हे माझ्या कागदावर नव्हतंच.
तळाला जागा होती, तिथं लिहून लगेच खूण केली.
फसवणूक आहे, माहीत आहे.

आता आठवा आठवडा. जिन्सीचे साठ राहिलेत.
परीक्षेची तारीख दोनदा बदलली.
समीहननं काल आपणहून मार्क सांगितले,
मी म्हटलं, जेवलास का?

तो तास मार्चमध्ये परत घेणार आहेत म्हणे,
रात्री एक वाजता, कुणाला न विचारता.
घ्या म्हणावं.
मी तो बुटांत घातलाय,
आणि बाहेर पाऊस आहे.