घडी

बाबा गांधीबागेत साड्यांच्या घड्या घालतात.
छत्तीस वर्षं, एकाच दुकानात, गादीवर मांडी ठोकून.
काठावर काठ.
सूतभर माप चुकलं
तर पाचव्या-सहाव्या घडीला काठ तिरपा धावतो,
आणि मग ती साडी गिऱ्हाइकापुढे टाकायची सोय नाही.

मीही तेच करते.
टांडापेठेतल्या वरच्या खोलीत, अंगावर शाल,
नारायणगावजवळच्या थाळ्यांनी ऐकलेली वीस मिनिटं
लॅपटॉपवर एका मापानं दुमडत जाते.
दर घडीचा ठोका खालच्या घडीच्या ठोक्यावर पडला
तर काहीतरी आहे.

उमेदवार म्हणतात ह्यांना.
खाली गल्लीत महापालिकेचे उमेदवार
भोंग्याच्या रिक्षामागून हात जोडत फिरतायत.
माझ्याकडे एकशे बेचाळीस आहेत,
एकही हात जोडत नाही.

पहिला : वीस मिलिसेकंद, नेमके.
तारा नाही, तार आहे. खांबावरची, विजेची.
तेविसावा कुठल्यातरी रडारचा.
चाळिसावा इतका देखणा की मी त्याला रात्रभर ठेवून घेतला,
सकाळी पाहिलं तर त्याचे बारीक सूर आणि जाड सूर
एकाच क्षणी पोचलेले.
खरा असतो तो वाटेत रखडतो,
ताऱ्यांमधल्या त्या विरळ धुक्यात
त्याचा खर्ज मागे राहतो.
जो दमलेला नाही
तो दुरून आलेला नाही.

एकशे सातवा दमलेला होता.
एक पूर्णांक सदतीस सेकंद,
आठशे शहात्तर घड्या,
आणि मधोमध उंचवटा,
शालीखाली मांजर बसावं एवढाच.

उमरेडकर मॅडम म्हणाल्या,
एकदा दिसला म्हणजे दिसला नाही.
पुन्हा वेळ मागा.

वेळ मिळाली मार्चमध्ये, पहाटे तीन दहा ते चार.
तोवर गल्लीतला उमेदवार एकशे सत्तावन्न मतांनी पडला,
त्याचं पोस्टर मात्र दूध डेअरीच्या शटरवर तसंच.
डेटा आला. मी जुनंच माप लावलं.
सपाट.
उंचवटा नाही, मांजर नाही,
पडद्यावर नुसती करडी रेती.
मी नावापुढे फुली मारायला गेले.

बाबा दिवा बंद करायला वर आले होते.
चष्मा कपाळावर. वाकून पाहिलं, बराच वेळ.
"हे तिरपं जाऊन राह्यलं ना."
काय?
"काठ. हा पाह्य, खालून वर. माप चुकलं तुयं."

त्यांच्या नखाखाली एक रेघ होती,
इतकी पुसट की नख उचललं की हरवायची.
दोन महिन्यांत पृथ्वी सरकली होती,
आणि मी मागच्या जानेवारीचंच माप धरून बसलेले.
पाचवा अंक बदलला. मग सहावा.
रेघ हळूहळू
उभी राहिली.

बाबांनी मान हलवली,
बऱ्यापैकी मालाला हलवतात तेवढीच.
"गिऱ्हाईक कोण याचं?"
मला उत्तर सुचेना.
ते म्हणाले, "असू दे. घडी मोडू नको,"
आणि दिवा न विझवताच खाली गेले.

सव्वापाचला मी मॅडमना लिहिलं :
एकशे सात, पुन्हा दिसला. नवं माप सोबत.
मग उरलेले उघडले.
एकशे आठवा
पुन्हा विजेची तार.