चाळीस पाय

मे महिन्यात दुपारी दोन वाजले की तो अडायचा.
पडद्यावर चौकटींची गोधडी,
कुठलंही बटण दाबा, ढिम्म.
ओल्या फडक्याची घडी पाठीवर ठेवून
मी वाट पाहायचो,
आणि जळालेल्या मोटारी दुकानात पडून.

सत्त्याऐंशी साली सीताबर्डीतून आणला,
तेव्हाही जुनाच, रबरी बटणांचा, पाटीएवढा.
चार महिन्यांचं वाइंडिंग त्यात गेलं.
आर्वीतले लोक म्हणाले,
डेहनकरच्या टीव्हीले दात आले.

मी त्याला एकच काम शिकवलं:
किती एचपी, किती खाचा, तार कोणत्या गेजची,
तर सांग, किती फेरे.
पस्तीस ओळी, कॅसेटच्या एका बाजूला.
दुसऱ्या बाजूला बहिणीच्या लग्नातला बँड.

यंदा एसटीच्या कंडक्टरनं पुडकं दिलं.
काळ्या फोममध्ये पाय रोवून बसलेला
चाळीस पायांचा किडा.
कुळी तीच, पायांची रांग तीच,
वीज कमी पितो, म्हणून तापत नाही.

"किती फास्ट होईन, काका?" मुजीबनं विचारलं.
"काहीच नाई."
"मंग कायले लावता?"
"याच्या अंगात वीसची धाव हाये रे,
पण बोर्डावरचा क्रिस्टल साडेतीनचाच ठोका देते."
त्यानं असं पाहिलं,
जसा मी शोरूममधून पल्सर घेऊन
घरापर्यंत ढकलत निघालोय.

जुन्याला काढायला एक आख्खी सकाळ गेली.
एकेका पायाशी कथील वितळवायचं, शोषून घ्यायचं.
एकोणतिसावा सुटेना.
तो अर्थिंगचा,
सगळ्या पाटीच्या तांब्याला बांधलेला;
कितीही डाग द्या, उष्णता तो वाटून टाकतो.
शेवटी मोडलाच.
तिथे मी बैठक बसवली,
पुढच्याला कुणी असं उपटू नये म्हणून.
मग खाच खाचेकडे,
दोन्ही अंगठे,
आणि श्वास.

पांढरा पडदा. खाली एक काळी ओळ.
मुजीब म्हणाला, "सेम टु सेम."

दोन वाजले. अडीच.
बाहेर पारा सेहेचाळीस, कूलरच्या टाकीत पाणी नाही.
पाठीवर बोट ठेवलं:
ताप उतरल्यावर पोराचं कपाळ लागतं, तसं.

तेवढ्यात वाढोण्याच्या कौसल्याबाई उईके आल्या,
पिठाच्या गिरणीची मोटार ऑटोत टाकून.
तीन एचपी, चोवीस खाचा.
मी आकडे दिले, एंटर दाबलं,
आणि तो थांबला.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.
नव्वद साली उत्तर झटक्यात यायचं
आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसायचा नाही,
म्हणून मी मध्ये एक रिकामी ओळ घातली होती:
हजारापर्यंत मोज, काही करू नको.

आता हा नवाही मोजत होता,
त्याच चालीनं, कुरकुर न करता.
पाणी पिता पिता कौसल्याबाई पडद्याकडे वाकल्या.
"इचार करते का थे?"
"हाव," मी म्हटलं.
मुजीब मान खाली घालून
तारेचा वार्निश खरवडत राहिला,
खांदे हलत होते त्याचे.

कार्बन ब्रशांच्या डब्यात जुना,
एकोणचाळीस पायांचा.

बावन्न, पडदा म्हणाला.
कौसल्याबाईंनी ग्लास खाली ठेवला.