तिसऱ्या दिवशी

एवाल्ड केंपा, वय एकेचाळीस.
जमिनीखाली सातशे मीटरवर मिथेनचा भडका.
जांघेतला टपाल-तिकिटाएवढा तुकडा तेवढा शाबूत,
तो बर्फाच्या डब्यातून माझ्याकडे आला
शुक्रवारी, सहाला दहा कमी असताना.
मी कोट चढवलेला. कातोवित्सेची ट्राम चुकली ती चुकलीच.

रात्रभर विकरात भिजला की वरचा पापुद्रा
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा सुटतो.
मग पेशी सुट्या करायच्या, मोजायच्या,
उंदराच्या पेशींच्या गादीवर पेरायच्या.
त्या गादीला आधीच किरण दिलेले असतात:
त्या जगतात, दुसऱ्याला पोसतात,
स्वतःची वाढ मात्र कायमची मिटलेली.
आमच्याकडे याला कुणी दुःख म्हणत नाही.
फीडर म्हणतात.

वाढघटक पहिल्या दिवशी घालायचा नसतो.
हे ब्रोनिस्वावाबाईंनी शिकवलं,
मी नवीन होते, सगळं एकदम ओतायला निघालेली.
"आधी बूड टेकू दे," त्या म्हणाल्या,
"ज्याचं बूड टेकलं नाही त्याला चल म्हणू नये."

तिसऱ्या दिवशी उणे ऐंशीतून कुपी काढते.
त्रेपन्न मणी, तीन गाठी, एवढाच त्याचा जीव.
मिलिलिटरला दहा नॅनोग्रॅम,
म्हणजे आमच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात
चमचाभर साखर.
तरी पेशीच्या दाराशी कडी वाजते,
शेजारचं दार सरकत येऊन त्या दाराला बिलगतं,
आत निरोप जातो:
सरक. पसर. एकाची दोन हो.
कडेच्या पेशी आधी हलतात,
मधल्या अजून दाटीवाटीनं बसलेल्या,
लग्नघरातून निघायला तयार नसलेल्या पाहुण्यांसारख्या.

लाळेत असतो तो.
बोट कापलं की माणूस आधी तोंडात घालतो,
कुत्रा जखम चाटत बसतो,
दोघांपैकी कुणीच प्रयोगशाळेत आलेलं नाही.

दुपारी दोनच्या बसनं मी ग्लिवित्सेला जाते.
तिथे माझा भाऊ अलोइझ, आतड्याचा कर्करोग, खाट अकरा.
त्याच्या शिरेतून जे थेंब थेंब उतरतं
ते जाऊन त्याच दारात आडवं उभं राहतं.
तेच दार. तीच कडी.
सकाळी मी वाजवते, दुपारी ती वाजू नये म्हणून देवाला सांगते.

त्याचा चेहरा पुटकुळ्यांनी भरलाय,
बोटांची पेरं भेगाळलीत, शर्टाची बटणं मीच लावते.
डॉक्टर खूश: पुरळ उठलं, म्हणजे औषध लागू पडतंय.
गाठीला उपाशी ठेवायचं तर कातडीही उपाशी राहते,
दोघींचं ताट एकच.
"तिकडे लोकांची कातडी विणतेस,"
अलोइझ म्हणाला, "आणि माझी उसवतेस होय?"
मी हसले. मलम लावलं.
फ्रीजमधल्या कुपीबद्दल काही बोलले नाही.

एकोणिसाव्या दिवशी एवाल्डचा पडदा उचलला,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ,
व्हॅसलीनच्या जाळीवर, सहा तुकडे.
पाठीवर चार धरले. दोन गळून पडले.
त्यात केस येणार नाहीत, घामही येणार नाही,
जुलैत त्याला सावली शोधत बसावं लागेल.
पण बायको म्हणते, पालथ्या हातानं शिवलं
तर ऊब लागते.

संध्याकाळी हातमोजे काढले, नोंदवही उघडली.
कुपी संपली, नवी मागवणे.
पान चिकटलं होतं.
सवयीनं बोट जिभेकडे गेलं
आणि मी तशीच थांबले,
ओठाशी बोट धरून, दाराशी आल्यासारखी.
बाहेर ट्राम आली. या वेळी मी पळाले नाही.