वापर: आढळत नाही

योएन्सूच्या बोलीकोशाच्या तळघरात
सायमी वार्तियाइनेन 'व'चा खण ओढते.
पोस्टकार्डाएवढे कागद, कडा पिवळ्या,
एकावर कुणाच्या तरी कॉफीचा अर्धा गोल.

वॅकी. जुना अर्थ: बळ.
मग माणसं. पुष्कळ माणसं. घरचं माणूस.
गवत कापायला आलेले सगळे जेवायला बसले
की बाक वाकतो ना, ती वॅकी,
असं कोर्पिवाराच्या हिल्या तुरुनेननं सांगितलं,
सन एकसष्ट, ऑगस्ट.
सांगताना ती काळ्या पावाचं पीठ मळत होती,
एका हातानं.
टिपणाऱ्यानं हेही टिपलंय.

वाल्ता. सत्ता. घरात कुणाचा शब्द चालतो ते.

दोन्ही जोडले की वॅकिवाल्ता.
आपल्या बळजबरीसारखंच:
दोन दांडगे शब्द खांद्याला खांदा लावून उभे,
एकानं भागलं नसतं जणू.
फक्त यांच्या जोडीतला एक
घरचा आहे.

पुढचा कागद. तीच हिल्या, तोच दिवस.
अर्थाची ओळ कोरी.
वापर: "आमच्या गावात नाही हा शब्द.
रेडिओवर ऐकलाय. लढाईतला असतो."
उदाहरणापुढे एक आडवी रेघ.

सायमी कागद ठेवणार, तेवढ्यात
मागची बाजू दिसते. पेन्सिल, मुंगीएवढी अक्षरं:
*डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत.
विचारलं. म्हणाली, दार.
म्हणाली, से लावलं.
अजून कॉफी घ्या म्हणाली.*

से म्हणजे तो. से म्हणजे ती. ते सुद्धा.
माणूस, गाय, स्टोव्ह, सगळ्यांना एकच से.
टिपणाऱ्यानं पुढे विचारलेलं नाही.
मराठीत आणताना मला मात्र ठरवावं लागतं,
आणि मी क्षणभरही न थांबता लिहिलं: त्यानं.
नंतर वाटलं, असू दे.
वाराही पुल्लिंगीच आहे.

कोशाचा नियम साधा आहे:
मागच्या बाजूचं छापायचं नाही.
सांगणाऱ्यानं सांगितला तोच अर्थ,
वापरला तोच वापर.
या हिशेबानं त्या गावाच्या नकाशावर
वॅकिवाल्ताचा ठिपका पडणार नाही.
शेजारच्या तीन गावांवरही नाहीये.
स्वच्छ, पांढरा पट्टा, तळ्यापर्यंत.

पाच वाजत आलेत. वर कुणीतरी दिवे मालवतंय.
सायमी 'व'चा खण बंद करते,
पण कागद तिच्या हातातच राहतो.

तिच्या भाषेत दाराला ओवी म्हणतात.
(काय करू, म्हणतातच.
दळताना कुणी काय काय सांगून ठेवलं असेल
ते त्या भाषेला कुठून माहीत.)

ती 'ओ'चा खण उघडते.
ओवी: एक, घराचं दार. दोन, सौनाचं. तीन, गोठ्याचं.
उदाहरणं भरपूर. ओवी करकरते. ओवी उघड, वॅकी आली.
सगळ्यात शेवटी ती हिल्याचा कागद सरकवते,
पेन्सिलची बाजू वर.

खण पूर्ण लागत नाही.
एका कागदाएवढी फट राहते.
ती ढकलत नाही.