सुरुवातीचे तापमान

पुस्तकातल्या गणितात
पितळेचा गोळा नेहमी वीस अंशांवर असतो.
वीस अंश. एप्रिलात. साखर पेठेत.
मी ते खोडलं, बेचाळीस लिहिलं.

गोळा आमच्याकडे नव्हता, इस्त्री होती.
वस्तुमान कळेना, म्हणून निखारे काढून, राख फुंकून
ती भंगारवाल्या इरफानभाईंच्या काट्यावर ठेवली.
सहा किलो, मुठीच्या लाकडासकट.
“देतेस का? पितळेला भाव आहे सध्या.”
मी लाकूड हिशेबात धरलं नाही,
आणि त्यांचं बोलणंही.

विशिष्ट उष्मा शून्य दशांश शून्य नऊ,
म्हणजे दर अंशाला पाचशे चाळीस कॅलरी.
टेरीकॉटला दीडशे अंश पुरे.
त्याच्या वर कापड चकाकतं,
आणि चकाकलं की नग परत, मजुरी कापून.
दीडशे वजा बेचाळीस, एकशे आठ.
अठ्ठावन्न हजार तीनशे वीस.

डिसेंबरात पहाटे पंधरा असतं, तेव्हा
आणखी चौदा हजार पाचशे ऐंशी लागतील.
तेवढं सोलापूर उन्हाळ्यात फुकट देतं.
घेतं किती, ते प्रश्नात विचारलेलं नाही.

“नायना, सव्वाआठ ग्रॅम कोळसा बास आहे.”
पत्र्याखाली, शाळेच्या निळ्या स्कर्टांच्या थप्पीआड
नायना अर्धं घमेलं ओतत होते.
“एवढं बारीक तोलायचं
तर कोळसा सराफाकडून आणावा लागेल गं.”

त्यांच्याकडे तापमापक नाही.
बोट तांब्यात बुडवून थेंब उडवतात:
थेंब पळत सुटला तर फार तापली,
जागीच चुर्र झाला तर घे कापड.

उरलेला कोळसा कुठे गेला
ते मी मागच्या पानावर मांडून पाहिलं.
थोडा झाकणाच्या भोकांतून,
थोडा ओल्या फडक्याच्या वाफेतून,
बराचसा पत्र्याला,
आणि त्यांच्या उजव्या मनगटाला,
जिथे आता केस येत नाहीत.
बेरीज जुळली नाही. पान फाडलं नाही.

सरांनी अर्धा गुण कापला.
समासात लाल शाईनं: दिलेली किंमत वापरावी.

रात्री अकराला इस्त्री विटेवर उभी केली.
जूनमध्ये कुठल्याशा गावात एक मुलगी
हीच घडी मोडून बाकावर बसेल,
वीस अंशांचं गणित करायला.
तिथे असेलही वीस.

झोपण्याआधी पितळेला हात लावून पाहिला.
अजून गरम होतं.
भिंतही.