शेवटचा गाळा

खोली बुरैमीत, काम अल ऐनला.
मधे एक रस्ता, दोन भटारखाने, शेळ्यांचा बाजार,
आणि कुठेतरी दोन देशांमधली ती जागा
जी मला तीन वर्षांत नेमकी सापडली नाही.
फक्त खिशातला फोन थरथरायचा:
ओमानमध्ये आपलं स्वागत.
मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचो.

पलीकडे भाडं निम्मं, एवढंच कारण.
व्हिसा कुणी विचारला नाही.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
आणि मी रोज परदेशात झोपायला जायचो
जसा कुडाळात माणूस वहाळ ओलांडून
पलीकडच्या वाडीत भजनाला जातो
लेंगा जरा वर धरून.

मग ट्रकांतून खांब आले.
मुहंदिस फतहीने चुन्याची रेघ मारली.
मी वेल्डर. मला रेघेशी काय,
मला सांध्याशी मतलब.
अडीच मीटरला खांब, खांबाला चार टाके.
काळ्या काचेतून देश दिसत नाही,
वितळलेलं लोखंड दिसतं, हिरवट, थेंबाएवढं.

रात्री दाद करीम विचारायचा, आज किती?
आमच्या खोलीतला बलुची शिंपी, गळ्यात टेप तसाच.
सत्तर मीटर.
म्हणजे बुधवारी मशिदीपाशी येशील,
तो कापड बेतावं तसं बेतायचा.
जरा सैल मार रे. सैल शिवण पुढे उसवता येते.
मी म्हणायचो, करीमभाई,
माझा सांधा उसवत नाही.

हे मी म्हणायचो. मीच.

गुरुवारी एक गाळा उरला.
शेळ्या अजून त्यातूनच जात होत्या.
तिलक बहादूरने जाळी उचलून धरली
आणि फतहीने चहा पिता पिता सहज विचारलं,
मेस्त्री, तुझी खोली कुठल्या बाजूला?
हातात होल्डर होता. मी होल्डरनेच दाखवलं.
त्याने घड्याळ बघितलं.
दहा मिनिटं, म्हणाला.

त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच धावलो.
आणलं काय, तर आमसुलांची बरणी,
एक चादर, आणि भिंतीवरचं कॅलेंडर,
तेही गेल्या वर्षीचं.
कुकर राहिला.
शिटी तेवढी माझ्याकडे, दुरुस्तीला म्हणून खिशात.
करीम दुकानात होता. त्याचे चौदा रियाल द्यायचे होते.

परत आलो, मुखवटा खाली घेतला.
चार टाके.
हात कापला नाही, खोटं कशाला सांगू.

आता कॅम्पात माझी खाट पूर्वेच्या भिंतीला.
रात्री कधी फोन चुकून तिकडचा टॉवर पकडतो,
स्वागत करतो आणि
रोमिंगचे पैसे कापून घेतो.

एका शुक्रवारी करीम आला, पलीकडून.
जाळीचं भोक दोन बोटांचं.
नोटांची सुरळी करून चौदा रियाल दिले.
शिटी काही जाईना.
वरून टाक, म्हणाला.
वर काटेरी तारेची भेंडोळी
(ती माझी नव्हेत, ते कंत्राट दुसऱ्याचं).
टाकली. अडकली. अजून तिथेच आहे,
वारा सुटला की हलते, वाजत नाही.

जाताना त्याने माझा एक टाका चाचपला
अंगठ्याने, वरून, मग आतून,
गिऱ्हाइकाने आणलेला दुसऱ्याचा सदरा
शिंपी चाचपतो तसा.

काम चांगलं आहे, म्हणाला.